वेगळा ठेवलेला ग्लास

दार उघडतं आणि दोन मुलं धापा टाकत आत येतात. गावात कर्फ्यू लागलाय आणि त्यांच्या मागे जमाव आहे. घरमालक पटकन कडी लावतो. बाहेरून आरडाओरडा होतो, दगड येतात, 'त्यांना आमच्या ताब्यात द्या' म्हणून दारावर धडका बसतात. पण हा माणूस काही दार उघडत नाही. मग तो बायकोला सांगतो, पाणी दे त्यांना. बायको पाणी देते. मुलं पाणी पितात. आणि नंतर ती ते दोन ग्लास उचलते... अंगठा आणि एक बोट, एवढ्यानेच. जिथे ओठ लागलेत तिथे आपला हात लागू नये अशा बेताने. आत नेते आणि बाकीच्या भांड्यांपासून लांब ठेवून देते.

बस्स. एकही डायलॉग नाही. पण आत्ता काय झालं ते थिएटरमधल्या प्रत्येकाला कळतं. दोन-तीन खुर्च्या कुरकुरतात. कोणीतरी उगाच खोकतं.

हे नाटक म्हणजे महेश दत्तानी यांचं 'फायनल सोल्युशन्स'. इंग्रजी घेऊन बी.ए. केलेल्यांना नाव ऐकल्यासारखं वाटेल, कारण अनेक विद्यापीठांत ते अभ्यासाला असतं. म्हणजे बऱ्याच जणांनी ते गाईडमधून 'दहा मार्कांसाठी थीम्स' एवढंच वाचलेलं असतं. मागच्या महिन्यात पुण्यातल्या एका हौशी ग्रुपने शंभरेक खुर्च्यांच्या एका छोट्या हॉलमध्ये त्याचा प्रयोग केला. आम्ही तिघी गेलो होतो. मी, माझी फ्लॅटमेट आणि वीकेंडला नाशिकहून आलेली माझी आई. फ्लॅटमेट मूळची मिरजेची, आयटीत टेस्टिंगला, पुरणपोळीवर दूध घ्यायचं की तूप यावर माझ्या आईशी भांडण्याइतकी घरातली. आणि मुसलमान. हे शेवटचं एरवी मी सांगितलं नसतं. पण नाटकच असं आहे की ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

मास्क एक, माणूस तोच

आधी थोडं नाटकाबद्दल. दत्तानी बंगलोरचे, घर गुजराती, लिहितात इंग्रजीत. हे नाटक डिसेंबर १९९२ मध्ये बंगलोरच्या एका नाट्यमहोत्सवात होणार होतं. त्याच महिन्यात अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि विषय फार नाजूक आहे म्हणून हे नाटक महोत्सवातून वगळण्यात आलं. पहिला प्रयोग झाला तो जुलै १९९३ मध्ये, बंगलोरच्याच गुरु नानक भवनात, दत्तानींच्याच दिग्दर्शनाखाली. डिसेंबर १९९३ मध्ये अलेक पदमसींनी ते मुंबईत केलं. पुढे १९९८ मध्ये 'फायनल सोल्युशन्स अँड अदर प्लेज' या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इंग्रजी नाटककाराला मिळालेला तो पहिलाच.

डिसेंबर १९९३ ची मुंबई म्हणजे काय, ते जरा आठवा. (आमच्या वयाच्यांना आठवणार कुठून? आमचा जन्मही झालेला नव्हता. तर घरच्यांना विचारा.) डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे ९०० माणसं गेली. ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, उरलेल्यांत काही अन्य धर्मांचे आणि काहींची ओळखही पटली नाही. मग १२ मार्चचे बॉम्बस्फोट, त्यात २५७. त्याच वर्षाच्या अखेरीला मुंबईकर तिकीट काढून हे नाटक बघायला बसले होते. खुर्चीतल्या प्रत्येकाचं कोणी ना कोणी तेव्हा एखाद्या दाराच्या आत असणार, नाहीतर बाहेर.

पण गंमत अशी, की दत्तानी दंगल दाखवतच नाहीत. जमाव म्हणजे फक्त पाच माणसं, काळ्या कपड्यातली. त्यांच्याकडे काठीला लावलेले दहा मुखवटे. पाच हिंदू, पाच मुसलमान. हा मुखवटा धरला की 'ते' आपले शेजारी, तो धरला की 'आपण' त्यांचे शेजारी. आवाज तोच, अंग तेच, संतापही तोच. आमच्या ग्रुपने मुखवट्यांना फारसा खर्च केला नव्हता, पुठ्ठाच होता. तरी एका मुखवट्यातून दुसऱ्यात जाताना त्या पोरांचे खांदे ज्या पद्धतीने बदलायचे, ते बघून काटा आला अंगावर.

आणि स्टेज कसं आहे बघा. चहूबाजूंनी घोड्याच्या नालेसारखा उतार, तिथे जमाव. मध्ये गांधींचं घर. हे गांधी म्हणजे रमणिक गांधी, अमरगावचे साडीचे व्यापारी. घरात सोफा, टीव्ही वगैरे काही नाही, नुसते लाकडी ठोकळे. नाटककाराने सगळ्या तपशिलासकट मांडायला सांगितलेल्या जागा घरात दोनच: स्वयंपाकघर आणि देवघर. नाटक बघताना हे एवढं जाणवलं नव्हतं, घरी येऊन पुस्तक चाळताना लक्षात आलं. बाकी घर कसंही असो, रेघ जिथे मारली जाते त्या दोन जागा नीट दिसल्या पाहिजेत!

घरातल्या घरात

तर ही घरातली माणसं. रमणिक, म्हणजे आपल्या ऑफिसातले उदारमतवादी सर. पेपर वाचणारे, जातीयवाद्यांवर तोंडसुख घेणारे. बायको अरुणा, देवाधर्माची. तिच्या पूजेच्या पाण्याला बाहेरचा हात लागलेला तिला चालत नाही. मुलगी स्मिता, कॉलेजात जाणारी. आणि रमणिकची आई हार्दिका.

हार्दिका या नाटकात दोन आहेत. एक आजची आजी. दुसरी पंधरा वर्षांची दक्षा, १९४८ सालातली. स्टेजच्या एका कोपऱ्यात जुन्या टेबलाशी बसून ती डायरी लिहिते. लग्नानंतर सासरी नाव बदललं, नवऱ्याच्या 'हरी'ला जुळणारं म्हणून हार्दिका. (आपल्याकडे ताटातल्या तांदळात अंगठीने लिहितात, तसंच की.) दक्षाला गाण्याचं वेड. नूरजहाँ, सुरैया, शमशाद बेगम. फाळणीच्या दंगलीत दगड आले आणि तिच्या रेकॉर्ड्स फुटल्या, वडील गेले. नंतर सासरच्या गावात तिला झरीन नावाची मैत्रीण मिळाली, याच गाण्यांपायी. ती मैत्रीही तुटली. झरीनच्या वडिलांचं दुकान जळलं, ते घर रस्त्यावर आलं, दोन्ही घरांत बोलाचाली झाली. तिच्या घरी गेल्याबद्दल दक्षाने नवऱ्याचा मार खाल्ला. तेव्हापासून आजी 'त्यांना' माफ करायला तयार नाही. चाळीसेक वर्षं झाली तरी.

आणि तीच आजी त्या रात्री बघते, तर आपला मुलगा दोन मुसलमान पोरांना घरात घेतोय.

ही दोन पोरं जावेद आणि बॉबी. बॉबीचं खरं नाव बब्बन. कॉलेजात त्याने ते चालवून घेतलं, बॉबी म्हटलं की कोणी पुढचं विचारत नाही म्हणून. स्मिता त्याला ओळखते. जावेदची बहीण तिची मैत्रीण, आणि बॉबीचं लग्न तिच्याशी ठरलंय. स्मिता आणि बॉबी यांच्यात कधीकाळी काही होऊ शकलं असतं का, यावर नाटकात एक ओझरता इशारा आहे, तेवढाच.

हा इशारा मला फार खरा वाटला. १९९५ सालचा मणिरत्नमचा 'बॉम्बे' आठवतो ना? तिथे प्रेम आधी, पळून लग्न आधी, मग दंगल येते आणि प्रेम तिला पुरून उरतं. छान वाटतं बघायला. पण आपल्या आजूबाजूला बघा. किती जणांच्या बाबतीत गोष्ट तिथपर्यंत जाते? कॉफी, मग शिफ्ट संपल्यावर एकत्र निघणं, मग एक दिवस कोणीतरी मनातल्या मनात हिशेब करतं. आईबाबा, काका, गावाकडचे लोक, व्हॉट्सअॅपचा फॅमिली ग्रुप. आणि सुरू व्हायच्या आतच 'जस्ट फ्रेंड्स'. कायदा आहे, १९५४ पासून आहे, स्पेशल मॅरेज अॅक्ट. पण त्यात लग्नाआधी तीस दिवसांची नोटीस लागते, ती सगळ्यांना बघता येईल अशी. ज्यांना घरच्यांपासूनच लपवायचंय, त्यांच्यासाठी हे तीस दिवस म्हणजे तीस वर्षं. दंगल नसतानाही ही माणसं आपापसांत तुटतात, दगडाचा आवाजसुद्धा न होता. म्हणून तो ओझरता इशारा. स्मिताने कधी विचारलं नाही, बॉबीने कधी सांगितलं नाही. नाटकानेही विचारलं नाही.

जावेद वेगळ्या मातीचा. लहानपणी गल्लीत क्रिकेट खेळताना पोस्टमन शेजाऱ्यांचं पत्र याच्या हातात देतो. हा पळत जाऊन त्या काकांना द्यायला जातो. काका म्हणतात, भिंतीवर ठेव. मग ते पत्र पुसतात आणि याचा हात लागला होता ते फाटकही पुसतात. दुसऱ्या दिवशी त्या काकांच्या अंगणात मांस पडलेलं असतं. ते कोणी टाकलं, हे सांगायला नकोच. तिथून पुढे जावेद कुठल्या लोकांच्या हाती लागतो आणि पैसे घेऊन दंगलीला कसा जातो, ते हळूहळू कळतं. म्हणजे घरात आश्रय दिलेली दोन्ही मुलं धुतल्या तांदळासारखी नाहीत! नाटककाराने आपल्याला ही सोय ठेवलेलीच नाही.

सगळ्यात मोठा धक्का शेवटाकडे. रमणिक जावेदला आपल्या साडीच्या दुकानात नोकरी देऊ करतो. आपल्याला वाटतं, वा, काय मोठं मन. मग तो आईला सांगतो की आपण ज्या दुकानावर जगलो ते झरीनच्या वडिलांचं. ते दंगलीत आपोआप जळलं नव्हतं. याच्या वडिलांनी आणि आजोबांनी ते जाळलं, धर्माचं निमित्त करून, आणि मग अर्ध्या किमतीत घेतलं. म्हणजे आजी ज्या रागावर आयुष्यभर जगली, त्या रागाखाली धंद्याचा साधा व्यवहार होता. मैत्रीण गेली ती धर्मापायी, असं तिला वाटत होतं. खरं तर ती गेली दुकानापायी.

मला वाटतं, नाटकाचं मर्म हे आहे. माणसं एकमेकांपासून तुटतात तेव्हा कारण म्हणून जे सांगितलं जातं ते मोठं असतं: इतिहास, श्रद्धा, अपमान. आणि खाली बघावं तर जागा, भाव, किल्ली, करार.

चहाच्या टपरीवर

नाटक संपल्यावर लगेच घरी जायचं कोणाच्याच जिवावर आलं. हॉलबाहेर टपरी होती, तिथे कटिंग घेऊन उभ्या राहिलो. मला खरं तर धास्ती होती. आईला नाटक झेपलं असेल का? आणि फ्लॅटमेटला आईसमोर त्याबद्दल बोलायला ऑकवर्ड होईल का?

आईच सुरू झाली. म्हणाली, "आमच्या आईकडे होती अशी कपबशी. मोरीच्या वरच्या कोनाड्यात. कान तुटलेली."

मला माहीत होतं. आपल्यातल्या बहुतेकांच्या आजोळी अशी एक कपबशी होती. बाहेरच्यांची. कामाला येणाऱ्या बाईंची, कल्हईवाल्याची, भंगारवाल्याची. कोणासाठी ती बाहेर निघायची, यात धर्म होता तशी जातही होती. कोणी कधी तिला नाव दिलं नाही, पण घरातल्या लहानात लहान पोरालाही तिची जागा ठाऊक असायची.

"पण ती अरुणा वाईट बाई नव्हती हं," आई म्हणाली. "पाणी दिलं ना तिने? तिला दुसरं काही शिकवलंच नव्हतं कोणी."

मी लगेच तलवार उपसली. अगं आई, काय बोलतेस, तो ग्लास बघितलास ना, हेच तर सगळं मुळाशी आहे, वगैरे. माझं मास कॉमचं पूर्ण लेक्चर. आणि माझी फ्लॅटमेट, जिच्या बाजूने मी हिरिरीने लढत होते, ती शांतपणे चहा फुंकत म्हणाली, "काकू बरोबर बोलतायत."

"काय?"

"अरुणा काय आहे ते समोर दिसतं यार. ग्लास वेगळा ठेवते, सरळ ठेवते. भांडता तरी येतं. मला रमणिक अंकल जास्त भेटतात."

मग ती बोलत सुटली. दोन वर्षं आम्ही एकत्र राहतोय, पण हे मी पहिल्यांदा ऐकत होते. ऑफिसमध्ये तिला सगळ्यात जास्त वेळा मिळालेली कॉम्प्लिमेंट कुठली, माहितीये? 'तू अजिबात तशी वाटत नाहीस.' बोलणारा मनापासून बोलतो, हसून बोलतो. तिने थँक यू म्हणावं अशी त्याची अपेक्षा असते. ईदला डब्यात बिर्याणी आण म्हणणारे वीस जण. कुठे काही घडलं, टीव्हीवर बातमी आली, की दुसऱ्या दिवशी तिच्या डेस्कपाशी येऊन 'आय होप यू आर ओके' म्हणणारे चार जण. चांगलीच माणसं आहेत ती, असं तिनेच सांगितलं. "पण मी नेहमी कोणाची तरी परीक्षा पास करत असते. किंवा कोणाला तरी स्वतःबद्दल चांगलं वाटायला मदत करत असते. जावेदला नोकरी देताना रमणिकचा चेहरा बघितलास? नोकरी जावेदला हवी होती की त्याला?"

आईने विचारलं, "मग तुला त्यातलं कोण आवडलं?"

"बॉबी," ती म्हणाली. "आवडला असं नाही, पण कळला."

मग तिने आम्हाला एक गोष्ट सांगितली आणि मी गारच पडले. कॉफी शॉपमध्ये कपवर लिहायला नाव विचारतात ना, तिथे ती स्वतःचं नाव सांगत नाही. एक छोटं, गोड, कुठल्याही धर्मात खपेल असं नाव सांगते. कॅबवाल्याचा फोन आला तरी तेच. स्पेलिंग सांगत बसायचा कंटाळा म्हणून, असं ती स्वतःला सांगत आली होती. बॉबी स्टेजवर आपल्या नावाबद्दल बोलायला लागला, तेव्हा तिला कळलं की तिच्या खऱ्या नावाचं स्पेलिंग त्या दुसऱ्या नावापेक्षा एका अक्षराने लहानच आहे.

आईने काय केलं? काही नाही. तिच्या हातातला रिकामा ग्लास घेतला, स्वतःच्या ग्लासात घातला आणि टपरीवाल्याकडे देऊन आली. टपरीवर सगळ्याच आया असंच करतात. यात फार काही शोधू नका, मीही शोधलं नाही. घरी येताना रिक्षात मात्र ती तिला म्हणाली, "तुझं नाव चांगलं आहे गं. सांगत जा." ती म्हणाली, "हो काकू." दोघींनाही माहीत होतं की हे एवढं सोपं नाही.

अकरा महिने

आता तुम्ही विचाराल, की नाटक आवडलं, चहा झाला, पुढे काय? पुढे असं की आमच्या फ्लॅटचं अॅग्रीमेंट संपतंय. अकरा महिन्यांचं असतं ते, हे पुण्या-मुंबईत भाड्याने राहिलेल्या प्रत्येकाला पाठ असतं. मालकांचा मुलगा परत येतोय, त्यामुळे रिन्यू होणार नाही. त्यांची काही तक्रार नाही, आमचीही नाही. तर आम्ही नवीन फ्लॅट शोधतोय.

ज्यांनी हे केलंय त्यांना स्क्रिप्ट माहितीये. ब्रोकर फोनवर विचारतो, बॅचलर की फॅमिली? वर्किंग का? व्हेज-नॉनव्हेज? मग सहज आवाजात, 'नावं काय मॅडम दोघींची?' माझं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न येतो. तिचं सांगितलं की गप्प होतो. मग 'ओनरशी बोलून सांगतो'. दोन ठिकाणी हे झालं. दुसऱ्या ब्रोकरने मला वेगळा फोन केला. अगदी आपुलकीने म्हणाला, "मॅडम, तुम्ही एकट्या घेत असाल तर उद्या किल्ली देतो. मला काही नाही हो, सोसायटीचा प्रॉब्लेम आहे."

मला काही नाही! हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. ब्रोकरला काही नाही. मालकाला काही नाही, सोसायटीचं आहे. सोसायटीला विचारलं तर त्यांनाही काही नाही, मेंबरांचं आहे. मेंबरांना वैयक्तिक काहीच नाही, बाकीच्या मेंबरांना काय वाटेल एवढंच. मला ते काठीवरचे मुखवटे आठवले. प्रत्येकाच्या हातात एक, आणि चेहरा कोणाचाच नाही.

आणि गंमत बघा, इथे दगड नाहीत, कर्फ्यू नाही. दारावर धडका मारणारं कोणी नाही. फक्त दोन मुलींना, ज्यांनी दोन वर्षं एकमेकींचे डबे खाल्ले, तापात एकमेकींना पेज करून घातली, एकाच वायफायचं बिल भरलं, त्यांना हळूच सांगितलं जातं, की तुम्ही वेगवेगळ्या राहिलात तर सगळ्यांनाच सोपं पडेल. भांडण नको. कटुता नको. एकीने इकडे, एकीने तिकडे, जिथे 'त्यांच्यातले' लोक राहतात. शहराचे असे तुकडे पडतात, तेव्हा प्रत्येक तुकड्यावर कोणाची तरी सही असते. तीसुद्धा बहुतेक वेळा अकरा महिन्यांच्या करारावरची.

तिने मला एका रात्री म्हटलंही, "तू घे ना तो फ्लॅट. मी बघते माझं." मोठ्या मनाने नाही, थकून म्हणाली. मला त्या वेळी दक्षा आणि झरीन आठवल्या. त्या दोघीही एकमेकींशी भांडल्या नव्हत्या. त्यांच्या मैत्रीचं काय करायचं, ते भलत्याच लोकांनी भलत्याच कारणासाठी ठरवलं होतं. मी म्हटलं, दोघींना मिळेल तोच घ्यायचा. ती म्हणाली, फिल्मी होऊ नकोस. मी म्हटलं, फिल्मी नाही, डिपॉझिट एकटीला परवडत नाही. हे खरंही होतं, आणि त्यामुळे दोघींना हसताही आलं.

तिसरा फ्लॅट ब्रोकरविना मिळायची शक्यता आहे. एका आजींचा आहे, मुलगा परदेशी असतो. मी फोन केला. त्यांनी विचारलं, "दोघी मराठीच ना गं?" मी म्हटलं, हो आजी, मी नाशिकची, ती मिरजेची. आणि श्वासही न घेता तिचं नाव सांगितलं, पूर्ण, आडनावासकट. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग आजी म्हणाल्या, "मिरजेत कुठे? माझं माहेर तिकडचं." मी फोन तिच्याकडे दिला. पंधरा मिनिटं त्या दोघी मिरजेच्या स्टेशनबद्दल, दर्ग्याच्या उरुसाबद्दल आणि सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीबद्दल बोलत होत्या. तिने फोन ठेवला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं, त्याला आनंद म्हणता येणार नाही. एवढंच म्हणाली, "मुलाला विचारून सांगते म्हणाल्या."

नाटकाच्या शेवटी आजी हार्दिका मुलाला विचारते, ती मुलं परत येतील का? तू बोलावलंस तर येतील, असं काहीसं तो सांगतो, आणि उशीर झाला असेल तर कदाचित येणारही नाहीत. पडदा. 'फायनल सोल्युशन्स' अशा नावाच्या नाटकात शेवटी सोल्युशन असं काही मिळतच नाही. (नाव वाचून नाझींचा तो भयंकर शब्दप्रयोग आठवतो, आठवावा म्हणूनच ते नाव असणार.) अंतिम उत्तरं शोधणारे लोक काय करतात ते जगाने बघितलंय. दत्तानींच्या घरात उत्तर नाही, फक्त एक आजी आहे, जिला आता खरं काय ते कळलंय आणि जी दाराकडे बघतेय.

नाटक तुमच्या शहरात लागलं तर जरूर बघा. एकटे जाऊ नका. शक्यतो ज्या माणसाबरोबर हा विषय तुम्ही कधीच काढला नाही, त्याला घेऊन जा. आईला, रूममेटला, शेजारच्या डेस्कवरच्याला. आणि नंतर चहाला वेळ ठेवा, नाटकापेक्षा तो जास्त लागेल.

आमचं म्हणाल तर हे छापून येईपर्यंत आजींच्या मुलाचं उत्तर आलेलं असेल. काय येईल, सांगता येत नाही. आमचं अॅग्रीमेंट या महिनाअखेरीला संपतंय. टेम्पोवाल्याला अॅडव्हान्स देऊन झालाय. त्याने विचारलं, "ताई, दोन घरांचं सामान आहे का? दोन फेऱ्या लावू?" आम्ही एकच सांगितलीये.